खंडेनवमीला घासलेला पिस्टन

हसा खुशाल, पण आधी नीट ऐका. देवभोळेपणापायी एका विधवा बाईची गिरणी बंद पाडणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? नाही ना? हा बघा, तुमच्यासमोर चहा पितोय!

निजामाचं राज्य, त्यात महायुद्ध. नळदुर्गात सिद्धव्वांची पिठाची गिरणी होती आणि तिचं इंजन मी चालवायचो. बाईंचं सगळं घर त्या गिरणीवर. अशात पिस्टन झिजला, अन् लढाईमुळं नवा मिळेना. शेवटी लेथवाल्या उस्तादांनी अ‍ॅल्युमिनियमची मोड वितळवून एक ओतला. हा धातू मऊ. म्हणून लेथवर पोलादी चाक दाबून त्यांनी त्याच्या अंगावर बारीक आडव्यातिडव्या रेघा उठवल्या. तीन दिवस खपले बिचारे. संध्याकाळी पिस्टन गिरणीत ठेवून म्हणाले, "कल बिठाते."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारं घासूनपुसून पूजायचा दिवस, आणि पिस्टन असा खरबरीत? मला वाटलं, उस्ताद थकले, काम अर्धवट राहिलं. घेतला पॉलिशपेपर आणि बसलो घासत. दुपारपर्यंत त्यात माझ्या मिशा दिसायला लागल्या! हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं.

उस्ताद आले. बघतच राहिले. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, कौतुकाचं!

"उस्ताद, तुमचं राहिलेलं काम म्या पुरं केलं," मी छाती फुगवून म्हणालो.

"नागप्पा," ते हळूच बोलले, "रेघा कुठं गेल्या रे?"

"घासल्या की! लई खरबरीत हुत्या."

"अरे, दाबानं वरचं कातडं कडक हुतंय. रेघांत तेल थांबतंय. म्हणून तर झिजत न्हाय. अब ये चार दिन नई चलता."

बसवून पाहिला, तर घासून बारीक झालेला तो सिलिंडरात खुळखुळायला लागला.

सिद्धव्वा दारात उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. "म्हंजी गिरणी बंदच का?" एवढंच विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उस्तादांनी पिस्टन पुन्हा वितळवला, पुन्हा ओतला, पुन्हा रेघा उठवल्या. आठ दिवस बायका दळणाचे डबे घेऊन यायच्या आणि तशाच परत जायच्या. मी इंजनाआड तोंड लपवून बसायचो. नवव्या दिवशी इंजन सुरू झालं, आणि पुढं कितीतरी वर्षं कुरकुरलं नाही.

सिद्धव्वांनी मला कामावरून काढलं नाही. वाकडा शब्दसुद्धा बोलल्या नाहीत. फक्त पुढच्या खंडेनवमीला त्यांनी पूजेचं ताट उचललं, मला बाहेर ओट्यावर बसवलं, आणि गिरणीला आतून कडी लावली.