अम्मींच्या मशीनची वायर

माझा भाचा प्रसाद याने फेसबुकवर लिहिले आहे, की मामांनी शेजारच्या रफीकभाईंच्या अम्मींच्या ऑक्सिजन मशीनला आपल्या इन्व्हर्टरची जोडणी दिली. हेतू चांगला, माहिती चुकीची. मी कोणाला काहीही दिलेले नाही.

नांदेडमधील आमचे घर आणि रफीकभाईंचे घर यांच्यामध्ये भिंत एकच. या उन्हाळ्यात दोघांनी मिळून वायरिंग बदलून घेतले. इलेक्ट्रिशियन विलास याच्या दुकानात आयटीआयचे प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेले आहे. त्यावर मी विसंबलो.

त्यानंतर वीज गेली, की आमचा इन्व्हर्टर पाहता पाहता मान टाकू लागला. विलासला बोलावले, तर म्हणाला, “वायरिंग एक नंबर हाय काका. बॅटरी म्हातारी झाली तुमची.” बॅटरी नवी होती...

अशातच एका संध्याकाळी वादळ झाले आणि वीज गेली. रफीकभाई लातूरला गेलेले. अम्मींचे मशीन विजेविना चालत नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून टॉर्च घेऊन मी तडक शेजारी गेलो.

सारे घर अंधारात. अम्मींच्या खोलीत मात्र मशीनचा हिरवा दिवा लागलेला... आणि अम्मी शांतपणे श्वास घेत होत्या.

“लाईट गेली तरी हे बंदच पडत न्हाई, चाचा,” रफीकभाईंची पत्नी शबाना म्हणाली. “आत बॅटरी असंल.”

आत बॅटरी नव्हती. मशीनचा प्लग सामाईक भिंतीत होता आणि त्या भिंतीपलीकडे माझा इन्व्हर्टर... म्हणजे मशीन माझ्याच इन्व्हर्टरवर चालले होते. मग ध्यानात आले, की तो आता कोणत्याही क्षणी बंद पडेल.

घरी येऊन मी पंखे, दिवे, टीव्ही, सारे बंद केले. “पंखा कशाला बंद करून राहिले?” सौभाग्यवती म्हणाल्या. “विलासचा राग माझ्यावर नका काढू.” कारण सांगितले, तेव्हा त्यांनी स्वतः उठून देव्हाऱ्यातला बल्बही मालवला.

उकाड्यात आम्ही दोघे भिंतीला टेकून बसलो. पलीकडून मशीनचा संथ आवाज येत होता... वीज परत येईपर्यंत तो थांबला नाही.

पुढे विलासने बोर्ड उघडला आणि डोके खाजवले. “चुकलंच की काका. तुमची लाईन तिकडं गेली. आत्ता तोडतो.”

“तोडायची नाही.”

“मग?”

“नीट जोडायची. वेगळे बटण, वेगळा फ्यूज. आणि या वेळी मी समोर बसणार.”

आयुष्यभर मी इतरांच्या चुका खोडत आलो. भिंतीतून इतक्या अचूक जागी पोहोचलेली चूक मात्र मी प्रथमच पाहिली... अजूनही त्या प्लगकडे पाहिले, की हात आपोआप जोडले जातात.

आता प्रसादच्या तारखांची दुरुस्ती :

वायरिंग झाले : पाडव्याला नव्हे, त्यानंतरच्या सोमवारी.
वादळ आले : शनिवारी नव्हे, शुक्रवारी.
मी जोडणी दिली : असा दिवस नाही.
ती तोडू दिली नाही : रविवारी.