गजूभाऊंचा टॅब बसमध्ये पास होतो

आमच्या कंपनीच्या बसमध्ये किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. पेणहून रोह्याला पोचेपर्यंत करायचं काय? म्हणून कुणी काहीही विकत घेणार असलं, की आधी ते बसमध्ये 'पास' व्हावं लागतं. आणि दर आठवड्याला शिफ्ट बदलली, अर्धी माणसं नवी आली, की चर्चा पुन्हा पहिल्यापासून!

*

सलीमभाईंचं वॉशिंग मशीन असंच सर्वानुमते पास झालं. ते दारातून आत जाईना.

"किती किलोचं ते सगळ्यांनी विचारलं," सलीमभाई म्हणाले. "दार केवढं, ते कोणी नाय विचारलं."

मशीन अजून पडवीत आहे.

*

मग गडब गावच्या गजूभाऊंच्या टॅबचा विषय निघाला. त्यांच्या आईला काचबिंदू. नजर हळूहळू जाणार आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. गजूभाऊंची बहीण दुबईला. तिची मुलगी परी म्हणजे म्हातारीचा जीव की प्राण. घरातल्या जुन्या टॅबवर परी अंधुक दिसायची. म्हणून नवा हवा होता, स्वच्छ दिसणारा आणि आईच्या हाताला पेलेल असा छोटा.

*

आता वजन किती चालेल? सलीमभाईंनी आपला जेवणाचा डबा पुढे केला. "हा धरून बसा."

गजूभाऊंनी तो नागोठण्यापर्यंत धरला आणि म्हणाले, "जड हाय."

"रिकामा हाय तो!"

*

रोह्याच्या दुकानात गजूभाऊ प्रत्येक टॅब डोळे अर्धवट मिटून बघत होते. आईला कसं दिसेल याचा अंदाज घेत होते बिचारे. दुकानदार म्हणाला, "साहेब, डोळ्यांचे डॉक्टर वरच्या मजल्यावर."

*

पहिल्या शिफ्टने आठ इंची पास केला. दुसऱ्या शिफ्टने त्याच्या बॅटरीत खोट काढली. तिसरीत मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "थांबा ना, दिवाळीला नवीन मॉडेल येतंय." गजूभाऊ थांबले.

आईने निरोप धाडला, "त्या बसवाल्यांना सांग, मला फीचर नाय बघायचे, पोरीचा तोंड बघायचाय."

आम्ही पोट धरून हसलो. आता ते हसणं आठवलं की कसंसंच होतं.

*

दिवाळीनंतर टॅब आला. मी आणि सलीमभाई बघायला गडबला गेलो. आई ओट्यावर टॅब दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. दुबईचा फोन लागलेला, पण रेंज कमी होती. स्क्रीन काळी आणि नुसता आवाज येत होता.

"आजी, माझा नवा फ्रॉक दिसतो का?"

"व्हय गो. लय शोभतो तुला."

मग गजूभाऊंच्या दिशेला मान वळवून त्या म्हणाल्या, "चांगला घेतलास रे. पोर अगदी समोर बसल्यासारखी दिसते."