मशीननं माझ्या वडिलांना पाकीटमार ठरवलं

मित्रांनो, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहून राह्यलो.

आज सकाळी दादांना घेऊन हसनाबादहून जत्रेला गेल्तो. दादा म्हणजे माझे वडील, वय बहात्तर, जन्मभर शाळामास्तर. गेटवर चेहरा ओळखणारा कॅमेरा लावलाय. दादा त्याच्यासमोरून गेले अन् भोंगा वाजला. हवालदारानं लगेच त्यांचा दंड धरला.

बघतो तर हवालदार दादांचाच विद्यार्थी!

"सर, मी वळखतो तुम्हाला," तो म्हणाला. "पण मशीन पाकीटमार म्हणून राह्यली. मंग मी काय करू?"

अर्धा तास दादांना सगळ्या जत्रेसमोर बसवून ठेवलं. शेवटी साहेब आले. त्यांनी कॉम्प्युटरवर पाकीटमाराचा फोटो उघडला, तर तो पंचविशीतला पोरगा!

"जा, काही न्हाई," एवढंच बोलले. माफीचा शब्द न्हाई. उलट 'रेकॉर्डसाठी' म्हणून दादांचा फोटो काढून घेतला.

घरी आल्यापासून दादा जेवायला न्हाई म्हणताहेत.

असल्या मशीनची अन् स्वतःचे डोळे तिच्याकडं गहाण टाकणाऱ्या वर्दीची मला बिलकुल किंमत वाटत न्हाई. पण तुम्हीच सांगा, दादांचा तो फोटो आता कोणत्या यादीत पडलाय, हे विचारायचं तरी कुणाला?