सोयीची बहिरी

राहात्याजवळच्या ज्या गावात मी लग्न होऊन आले आणि प्राथमिक शाळेत शिकवू लागले, त्या गावानं दुसऱ्याच वर्षी मला एक पदवी बहाल केली. 'सोयीची भैरी'. म्हणजे स्वतःच्या सोयीचं असेल तेवढंच ऐकणारी. पन्नास वर्षं झाली, तरी तो राग माझ्या पोटातून गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

बहिरी मी होतेच. अकराव्या वर्षी टायफॉइड झाला आणि त्यात दोन्ही कान अधू झाले. शेजारी बसून कुणी बोललं, तरी भिंतीपलीकडून बोलल्यासारखं वाटायचं. वडिलांनी पुण्याहून कानाचं मशीन आणून दिलं, म्हणून मी शिकले आणि नोकरीला लागले. काड्यापेटीहून थोडं मोठं, आत एक पेन्सिल सेल, बाजूला आवाज कमीजास्त करायची चकती. ब्लाउजला आतून कप्पा शिवून त्यात ते ठेवायचं. तिथून एक बारीक वायर मानेवरून कानापर्यंत यायची. सासरी हे सगळं सांगून लग्न ठरलं होतं, लपवाछपवी काही नव्हती.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ते मशीन मधूनच बंद पडू लागलं. कायमचं बंद पडतं तर बरं झालं असतं. पण ते वर्गात दिवसभर व्यवस्थित चालायचं. मी पदर कमरेला खोचून चाळीस पोरांना पाढे शिकवायची आणि मागच्या बाकावरची खुसपूससुद्धा पकडायची. मग हेडमास्तरांनी ऑफिसात बोलावलं, की दारातच कानात खरखर व्हायची आणि पुढे शुकशुकाट. हेडमास्तर आमच्या भावकीतलेच, नात्यानं माझे चुलत सासरे. ते ओठ हलवत राहायचे आणि मी त्यांच्या मिशीकडे बघत अंदाजानं मान हलवायची. एकदा त्यांनी परीक्षेचं काम सांगितलं आणि मी भलतंच करून ठेवलं. तेव्हा साऱ्या शिक्षकांदेखत ते म्हणाले, "बाईंना पोरांचं ऐकू येतं, फक्त आमचं येत नाही." सगळे हसले. ते हसणंही मला दिसलं फक्त, ऐकू आलं नाही.

घरीही तेच. सासूबाईंचं बोलणं स्पष्ट ऐकू यायचं. मामा, म्हणजे माझे सासरे, बाहेरून आले की मशीन मुकं. ते पाणी मागायचे आणि मी उभीच. माझे मालक साखर कारखान्यात पाळीवर असायचे. त्यांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, सेल बदलून बघ. जसं काही मला ते सुचलंच नसेल.

सेल मी तीनदा बदलले. सेल जिथे टेकतो ती पितळी पट्टी नखानं घासली, रॉकेलच्या बोळ्यानं पुसली. घामानं बिघडत असेल म्हणून मशीनला फडक्याची पिशवी शिवली. राहात्याच्या बाजारात एक रेडिओ दुरुस्त करणारा होता. त्याच्याकडे दोन खेपा घातल्या. दोन्ही वेळा मी मशीन काढून त्याच्या टेबलावर ठेवायची, तो खोलून बघायचा, स्वतःच्या कानाला लावायचा आणि मशीन चालायचं. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "मशीन ठनठनीत हाय, बाई. तुमच्या मनाचंच कायतरी आसंल." आणि शेजारच्या दुकानदाराकडे बघून हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पण खरं सांगते, परतीच्या वाटेवर मला स्वतःचीच शंका येऊ लागली. वडीलधारं माणूस समोर आलं की भीतीनंच माझे कान मिटत असतील का? इतक्या लोकांनी खोटं म्हटल्यावर खऱ्या माणसालाही आपण खोटे आहोत असं वाटू लागतं. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

तेवढ्यात हेडमास्तरांनी वर कळवलं, की या बाई ऐकू येण्याचं सोंग कधी घेतात आणि न येण्याचं कधी घेतात ते समजत नाही, तरी त्यांना वर्गावर ठेवावं की नाही ते ठरवावं. तपासणीचे साहेब पुढच्या गुरुवारी येणार होते. माझी नोकरी आता त्या एका दिवसावर होती.

त्या रविवारी दुपारी ओसरीवर ट्रान्झिस्टर लावून मी तांदूळ निवडत होते. भजन चाललं होतं, टाळसुद्धा वेगळे ऐकू येत होते. समोरून मामा अंगणात आले. मी सवयीनं पदर डोक्यावर ओढला आणि भजन तुटलं. रेडिओचे सेल गेले असं वाटलं. पण मामा रेडिओजवळ बसले आणि मांडीवर बोटांनी ताल धरू लागले. म्हणजे रेडिओ चालू होता. मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. मग उठून स्वयंपाकघरात गेले, पदर खांद्यावर टाकला. खरखर झाली, भजन आलं. पदर घेतला, गेलं. सोडला, आलं. दहा वेळा तरी केलं असेल.

वायर मशीनमध्ये जिथे शिरते तिथे, वरच्या आवरणाच्या आत, तार तुटली होती. एरवी दोन टोकं एकमेकांना टेकलेली असायची. पदर डोक्यावर घेतला की वायर ओढली जायची आणि टोकं सुटायची. मी ज्यांचा मान राखत होते, नेमकं त्यांचंच मला ऐकू येत नव्हतं. आणि त्याच लोकांनी मला खोटारडी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी रेडिओवाल्याकडे गेले आणि त्याला वायर ओढायला लावली. तो ओशाळला, पण सरळ कबूल करेल तर शपथ. "मंग डोक्यावर पदर घेऊन दाखवायचं व्हतं ना," म्हणाला. धाकट्या दिरापेक्षा लहान तो, त्याच्यासमोर कशाला मी पदर घेईन? या वायरला कथलाचा डाग देऊन जोडता येत नाही, मुंबईहून दुसरी मागवावी लागेल, तीन आठवडे लागतील, असंही त्यानं सांगितलं. मी हेडमास्तरांनाही जाऊन सगळं समजावलं. ते म्हणाले, पदरानं कधी कुणी बहिरं झालेलं आम्ही ऐकलं नाही.

गुरुवारी ऑफिसात साहेब खुर्चीत बसले होते. एका बाजूला हेडमास्तर आणि दुसऱ्या बाजूला शाळा समितीवर असलेले मामा. मी आत गेले ती खांद्यावर पदर ठेवूनच. मामांनी स्वतःच्या टोपीला हात लावून मला खूण केली. मी पाहिली आणि कानाडोळा केला. हात खालीच ठेवले.

साहेब उठून खिडकीशी गेले, माझ्याकडे पाठ केली आणि चौथीच्या पुस्तकातला एक उतारा हळू आवाजात वाचला. मी तो जसाच्या तसा म्हणून दाखवला. त्यांनी आणखी हळू वाचलं. तेही सांगितलं. ते टेबलाशी आले आणि त्यांनी शेरेबुकात लिहिलं, श्रवण समाधानकारक, वर्गावर ठेवण्यास हरकत नाही. तेव्हा हेडमास्तर त्यांच्या कानाशी वाकले आणि कुजबुजले, "साहेब, बाई उर्मट आहेत, तेवढं टाका." साहेबांनी खाली आणखी एक ओळ लिहिली, वडीलधाऱ्यांसमोरील वागणुकीत सुधारणा अपेक्षित. वर्षभर मला खोटं ठरवल्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

संध्याकाळी मी चुलीशी भाकरी थापत होते. ओसरीवर मामा सासूबाईंना म्हणाले, "ऐकू येत नव्हतं तवाच बरी हुती."

मी पदर खांद्यावर तसाच ठेवून दारात आले. म्हटलं, "मामा, मला ऐकू आलं."

मी आत वळल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, अगदी हळू, तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तेही मला ऐकू आलं.