फेकलेली मळी

आमच्या घराच्या मागच्या भिंतीत एक खिडकी होती. वडिलांनी ती खिळे ठोकून बंद केली होती. शिरोलीच्या फौंड्रीत राबणारा माणूस; खिळे असे मारले होते की घर पडलं असतं, पण खिडकी उघडली नसती. कारण खिडकीसमोर, हाकेच्या अंतरावर, हॅचरीचा खड्डा होता.

हॅचरी म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायचा कारखाना. पेठ वडगावकडे जाणाऱ्या रस्त्याला नव्वदीच्या दशकात ती उभी राहिली आणि आमच्या बौद्ध वस्तीतल्या चौदा बायका तिथं कामाला लागल्या. मी बारावी सायन्स झालेली, म्हणून रजिस्टर माझ्याकडे. आठवड्यातून दोनदा पिल्लं निघायची. गोजिरवाणी पिल्लं खोक्यांत भरून गाडीनं जायची आणि मागं उरायची टरफलं, न उबलेली अंडी, अंड्यातच मेलेली पिल्लं. ते सगळं ढकलगाडीतून खड्ड्यात. त्या वासाचं वर्णन करत नाही. तुम्ही नुकतेच जेवून बसला असाल. अंघोळ केल्याशिवाय आई मला उंबरा ओलांडू द्यायची नाही.

वारा आमच्या वस्तीकडे वाहत होता तोवर गावात कुणाला काही वाटलं नाही. हे मी आजही रागानंच लिहिते. एका हिवाळ्यात वारा फिरला, वास गावात घुसला आणि आठवड्याच्या आत बैठक बसली. सगळ्यात मोठ्यानं बोलला तो गावचा एक पुढारी. त्याचं स्वतःचं अंड्यांच्या कोंबड्यांचं शेड होतं, पण नाक मात्र भारी नाजूक.

"चैत्रात यात्रा हाय. पावण्यांनी काय नाक धरून मटण खायाचं? यात्रंच्या आत खड्डा बंद, न्हायतर हॅचरीला कुलूप!"

हॅचरीचे मालक म्हणाले, कुलूप तर कुलूप, मी दुसऱ्या जिल्ह्यात जातो. मालकांना जिल्हे बदलता येतात. आम्हा चौदाजणींना मात्र परत लोकांच्या उसात भांगलायला, तण काढायला, जावं लागलं असतं. मला ते नको होतं. अजिबात नको होतं.

ऑफिसात येणाऱ्या एका मासिकात मी वाचलं होतं, की हा कचरा ताजा असतानाच शिजवून, वाळवून, दळला तर कोंबड्यांचं खाद्य होतं. हॅचरीत येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं.

"खरं आहे," ते म्हणाले. "पण कितीतरी वेळ खळाखळा उकळायला हवं, जंतू राहता कामा नयेत. एवढं मोठं भांडं आणणार कुठून?"

मला हसूच आलं. कोल्हापूर जिल्ह्यात राहून मोठं भांडं कुठून आणणार म्हणे!

गावाबाहेर एक गुऱ्हाळ दोन हंगाम बंद होतं. ऊस सगळा साखर कारखान्याला जात होता आणि गुळासाठी उसाचा रस उकळायची काहील, अंगणाएवढी कढईच ती, पालथी पडली होती. गुऱ्हाळाचा मालक स्वतःच गुळव्या. सत्तरीचा म्हातारा, पाक झाला की नाही हे नुसत्या नजरेनं सांगायचा. सगळे त्यांना आबा म्हणायचे. मी विषय काढताच ते भडकले.

"गुळाच्या काहिलीत मेलेली पिल्लं? डोकं फिरलंय काय गं तुझं?"

मी रोज गेले. चौथ्या दिवशी त्यांनी काहिलीच्या थंड पडलेल्या चुलाणातली राख काठीनं उकरली. मग म्हणाले, "हितनं पुढं ह्या काहिलीत गूळ न्हाय व्हायचा. पर चूल माझी, काहील माझी, तवा हुकूम बी माझाच." मी लगेच व्हय म्हटलं.

पहिल्या दिवशी सगळा माल काहिलीत ओतला. चिपाडाचा जाळ धडाडला. उकळी आली तसा वर दाट फेस धरला आणि आबांनी झारा उचलला. गूळ करताना वर येणारी मळी काढून टाकतात, त्याशिवाय गूळ स्वच्छ होत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आबांनी पाट्याच्या पाट्या भरून मळी चुलाणामागं फेकली. आम्ही बायका कौतुकानं बघत होतो. मीच म्हटलं, "आबा, तुमच्या हाताला तोड न्हाय!" बारावी सायन्स झालेली मी!

उरलेला माल उन्हात वाळवून भरडला. पुढाऱ्याच्या शेडात तेव्हा अंड्यांची टरफलं पातळ पडून अंडी फुटत होती. म्हणून डॉक्टरांच्या शब्दाखातर त्यानं आमची भुकटी थोडी थोडी खाद्यात मिसळून बघितली. तीन आठवड्यांनी त्यानं पोतं आणून हॅचरीच्या दारात आपटलं.

"टरफल झालं घट्ट, पर कोंबड्या वाळल्या, अंडी निम्म्यावर आली! चुना चारतीस व्हय गं कोंबड्यास्नी?"

डॉक्टरांनी भुकटी चिमटीत धरून बघितली. "ही तर नुसती टरफलंच. अंड्यातला ताकदीचा भाग गेला कुठं?"

गाव हसलं. मी कोठीत जाऊन ढसाढसा रडले, तोंड धुतलं आणि आबांना सांगायला गुऱ्हाळावर गेले. यात्रेला महिना राहिला होता.

आबा बांधावर बसून कोंबड्यांना जोंधळा टाकत होते आणि कोंबड्या त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. सगळ्या चुलाणामागं जमल्या होत्या, एकमेकींना चोची मारत, आम्ही फेकलेल्या मळीच्या वाळक्या ढिगावर. मी ढीग बघितला, मग आबांकडे बघितलं. उकळल्यावर अंड्यातलं सगळं सत्त्व गोठून फेसाबरोबर वर आलं होतं आणि आम्ही ते काढून टाकलं होतं.

आबांनी कपाळावर हात मारला. "आयला! समदा माल मीच फेकला की गं पोरी!"

मी हसत सुटले. मग आबाही हसले, इतके की त्यांना ठसका लागला.

दुसऱ्या वेळी झारा मी माझ्या ताब्यात ठेवला. फेस वर आला की आबांचे हात शिवशिवायचे. "थोडीशी काढू?" ते विचारायचे. "हात लावायचा न्हाय, आबा!" मी ओरडायची. फेस तसाच आत आटवला. पिल्लं निघाली की त्याच सकाळी माल चुलाणावर जाऊ लागला. त्यामुळे वास उरला तो फक्त उकडलेल्या अंड्यांचा. डॉक्टरांनी रदबदली केली, पुढाऱ्यानं तोंड वाकडं करत परत एक पोतं नेलं. मी रोज त्याच्या शेडावर जाऊन अंडी मोजून यायची. दुसऱ्या आठवड्यापासून ती वाढायला लागली, आणि टरफलही घट्ट राहिलं.

यात्रेच्या आदल्या सकाळी गुऱ्हाळावर आजूबाजूच्या गावांतले कोंबडीवाले रिकामी पोती घेऊन उभे होते. पुढारी उशिरा आला आणि सरळ पुढं घुसला. आबा चुलाणापुढनं गरजले, "रांग तिकडं हाय, पावणं!" चौदाजणी खदखदून हसल्या. त्या हसण्याची मजा मी जन्मात विसरणार नाही. पुढारी मुकाट्यानं मागं जाऊन उभा राहिला.

हॅचरीला कुलूप लागलं नाही. खड्डा आम्हीच मुरूम टाकून बुजवला, वर उभं राहून पायांनी दाबला. यात्रा गावाची, पण पाहुणे आमच्या वस्तीतही यायचे. त्या दिवशी वडिलांनी फौंड्रीतली पहार आणली आणि एकेक खिळा उपसला. खिडकी करकरत उघडली. आईनं सवयीनं पदर नाकाला लावला. वारा आत आला.

"कसला वास येतोय?" मी विचारलं.

तिनं पदर खाली घेतला, मोठा श्वास घेतला. "कसलाच न्हाय की गं," ती म्हणाली आणि रडायला लागली.