एकोणीस एमबीतलं गाणं

सुरतेच्या गोडादऱ्यात योगराजचं मोबाइलचं दुकान आहे. आज तिथे फुटलेली काच बदलून मिळते, कव्हर मिळतं, चार्जर मिळतो. दहा-बारा वर्षांपूर्वी मात्र त्याची ख्याती वेगळीच होती. मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायची तर योगराजकडेच. इतर दुकानांत दोन जीबीच्या कार्डात चारशे गाणी बसत, योगराज आठशे बसवायचा. पाळी सुटली की कापडाच्या लूमवरचे कारागीर सरळ त्याच्या दुकानी यायचे. त्यांना हवा असायचा आकडा. यंत्रांच्या खटखटाटात इअरफोन खुपसून ऐकणाऱ्याला गाण्यातली बारीक कुसर कशाला लागते? म्हणून योगराज प्रत्येक गाणं चौसष्टच्या बिटरेटवर उतरवायचा आणि डाव्या-उजव्या कानाचे दोन आवाज एकात मिसळून टाकायचा. गाणं अर्ध्या जागेत मावायचं. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकल्याचं सार्थक झाल्यासारखं त्याला वाटायचं.

त्याचे वडील दगा, घरातले आबा, खानदेशातल्या पारोळ्याकडून सुरतेला आले ते थेट लूमवर उभे राहिले आणि पस्तीस वर्षांनी खाली उतरले. तोवर त्यांचे कान गेले होते. बोलणं मात्र कारखान्यातलंच राहिलं, समोरचा दोन हातांवर असला तरी हाक शेडच्या पलीकडच्या टोकाला. आई मंगलाबाई उलट. तिचा आवाज बारीक, पण सुरात पक्का. श्रावणात गल्लीत कानबाई बसायची, नारळाला डोळे-नथ लावून देवी सजायची, तेव्हा गाणं उचलायला बायका मंगलाबाईचीच वाट बघत. चाळीस मिनिटांचं गाणं तिला तोंडपाठ होतं. एकही ओळ कागदावर नव्हती.

ते गाणं एकदा नीट ध्वनिमुद्रित करून ठेवावं, हे योगराजच्याच मनात आलं. २०१४ साल असावं. त्याचा मित्र धर्मेंद्र तेव्हा लग्नांत साउंड लावायचा. त्याच्याकडून त्याने एक चांगला रेकॉर्डर दोन दिवसांसाठी मागून आणला आणि दुपारी आईला घरात बसवलं. घराच्या भिंतीला भिंत लागून लूमची शेड होती. मंगलाबाईने त्या खटखटाटाचाच ठेका धरला. अकरा-बारा मिनिटं झाली असतील, तोच आबा पाळी संपवून आत आले. घरात ध्वनिमुद्रण चाललंय याची त्यांना कुठली कल्पना! नेहमीच्या वरच्या पट्टीत त्यांनी विचारलं, "च्या शे का, का आज गानंच पेवू?"

मंगलाबाई गाता गाता हसली. चांगली खळखळून हसली. मग पदर तोंडाला लावून तिने स्वतःला आवरलं आणि सुटलेली ओळ पुन्हा धरली.

फाइल भरली जवळपास दीड जीबीची. जसा आवाज तसा, काही न गाळता. योगराजने ती लॅपटॉपवर घेतली आणि साफ करायला बसला. मशीनचा खटखटाट सॉफ्टवेअरने पुसून टाकला. हसू आलं तिथे तो थबकला होता, हे त्याला अजून आठवतं. गल्लीतल्या बायकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "भाऊ, देवीनं गानं शे, चोखं करजो." देवीच्या गाण्यात चहाची चौकशी आणि त्यावरचं हसणं त्यालाही बरं दिसेना. त्याने दोन्हीकडून खुणा केल्या, मधला तुकडा काढला आणि टोकं अशी जुळवली की कळूसुद्धा नये. मग हात सवयीने पुढे गेला. चौसष्ट, एक आवाज, एमपीथ्री. एकोणीस एमबी. पंधरा-वीस बायकांना त्याने कार्डं भरून दिली. त्या आठवड्यात एका वरातीची गाणी उतरवायला लॅपटॉपवर जागा नव्हती, तेव्हा दीड जीबीची मूळ फाइल पुसली. आपल्याकडे गाणं आहेच की, असं त्याला वाटलं.

मंगलाबाई जाऊन आता चार वर्षं झाली. या चार वर्षांत आबांनी ते गाणं एकदाही मागितलं नव्हतं. मागून करणार काय? ऐकूच येत नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात योगराजने त्यांना कानाचं यंत्र बसवून आणलं. पहिले दोन दिवस आबा घरातल्या भांड्यांच्या आवाजाने दचकत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "योग्या, यंदा कानबाईले तुन्ही मायनं गानं लाव. माले आयकनं शे."

योगराजच्या अंगात वारं शिरलं. मोबाइलच्या टिचभर स्पीकरवर आईला ऐकवायचं नाही, असं त्याने ठरवलं. रोज दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो वाचायचा. एमपीथ्री काय गाळतं, फ्लॅक नावाचा फाइलचा प्रकार काय राखतो, डॅक म्हणजे काय, सोळा बिट पुरे की चोवीस हवेत. घरात बसून ऐकायचं तर फ्लॅक, हे त्याने पक्कं केलं. दोन लाकडी स्पीकर आणले, अॅम्प्लिफायर आणला.

त्याची बायको सुषमा म्हणाली, "अहो, यावर आबांना तेवढ्या बातम्या लावून देऊ नका. शेजारचे घर सोडतील."

मग त्याने आईची फाइल फ्लॅकमध्ये बदलली. एकोणीसची शंभर एमबी झाली. आकडा वाढलेला पाहून त्याला बरं वाटलं. पण ऐकलं तर आई तशीच, पाण्याखालून गात असल्यासारखी. 'स' आणि 'श'च्या कडा गेलेल्या, शब्दांमागे एक विचित्र सळसळ. त्याने धर्मेंद्रला बोलावलं. धर्मेंद्रचं आता वराछाला स्पीकरचं दुकान आहे. त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि हसायला लागला.

"अरे भाई, सुरतेत राहतोस आणि एवढं कळत नाही? फ्लॅक म्हणजे साडी घडी घालून खोक्यात ठेवणं. उघडली की अख्खी साडी. तू तर कापून रुमाल केलास, आणि आता रुमाल मोठ्या खोक्यात ठेवून साडी शोधतोस. कापलेलं परत नथी आवतुं."

"मूळ फाइल तुझ्या त्या रेकॉर्डरमध्ये असेल?"

"तो रेकॉर्डर? तो तर मी कधीच विकला." धर्मेंद्रचं हसू तिथेच थांबलं. "तुझ्याकडे नाही?"

योगराजने लॅपटॉप मिटला.

तरी तो गल्लीत फिरला. कुणाकडे जुनं कार्ड निघालं, कुणाकडे तेही नाही. जी निघाली त्यांत तेच, त्याच्याच हाताचं एकोणीस एमबीचं गाणं. आपलंच काम इतक्या घरांतून आपल्याकडे परत येत होतं.

मग त्याने स्वतःची समजूत घातली. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, आबांना वरच्या पट्टीतले आवाज यंत्र लावूनही येणार नाहीत. एमपीथ्रीने कापलंय ते वरचंच. म्हणजे जे गेलं ते आबांना तसंही ऐकू आलं नसतं. हिशेब बरोबर होता. कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, त्याने आबांना दोन स्पीकरांच्या मधोमध खुर्चीत बसवलं आणि गाणं सुरू केलं.

आबांनी डोळे मिटले. मान हलू लागली. बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती, गाण्यात नसलेल्या मशीनचा ठेका. मधेच ते खुर्चीत पुढे सरकले, ओठांवर हसू आलं, कान पुढे केला. गाणं पुढच्या ओळीवर गेलं. आबांनी डोळे उघडले.

"मांगे ले."

योगराजने गाणं मागे घेतलं. पुन्हा तेच.

"आठे ती हासनी व्हती," आबा म्हणाले. "मी च्या मांगा, ती हासनी. कोठे गयं ते?"

"आबा, ते मी काढलं होतं. देवीचं गाणं म्हणून."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग, आयुष्यात कधी बोलले नसतील इतक्या हळू म्हणाले, "देवीले हासू चालस रे. तुलेच नही चालनं."

त्या दुपारी योगराज दुकानात गेला नाही. फ्लॅक, एमपीथ्री, सोळा, चोवीस, या सगळ्यात त्याने दोन महिने घातले होते. आबांना त्यातलं काहीच नको होतं. त्यांना हवे होते काही सेकंद, आणि ते कुठल्या फॉरमॅटने गाळले नव्हते. त्याने स्वतः खुणा करून काढले होते, आणि टोकं इतकी छान जुळवली होती की आता नेमकी जागाही दिसत नव्हती.

रविवारी कानबाई बसली. बायका जमल्या. मंगलाबाईचं गाणं लागलं तशा दोघी-तिघी डोळे पुसत तिच्यामागे गाऊ लागल्या. आबा त्याच खुर्चीत होते. आदल्या संध्याकाळी योगराजने आबांजवळ बसून, मागे-पुढे करत ती जागा शोधून काढली होती. अकरा मिनिटं बेचाळीस सेकंद. आता तो अॅम्प्लिफायरपाशी उभा राहिला आणि तिथे येताच त्याने गाणं थांबवलं.

बायका गोंधळून बघू लागल्या. लाइट गेली असं एकीला वाटलं.

त्या शांततेत आबा स्पीकरकडे बघून मोठ्याने म्हणाले, "च्या शे का, का आज गानंच पेवू?"

कुणी हसलं नाही. योगराजचं बोट बटणावर होतं. आई किती वेळ हसली होती? तीन सेकंद? पाच? त्याला आठवेना. त्यानेच मोजून काढलं होतं ते. तो आबांकडे बघत राहिला. आबा स्पीकरकडे बघत होते, आतलं काहीतरी संपण्याची वाट बघावी तसे.

मग त्यांनी उजवा हात वर केला आणि मनगट एकदा फिरवलं. शेडमध्ये खटखटाटावरून शब्द पोचत नाहीत, तेव्हा कारागीर असाच हात करतात. मशीन चालू कर.

योगराजने बटण दाबलं.