गरीब की मारका

नव्वदच्या दशकात मी जवळा बाजारला मास्तर होतो. एकदा बैलबाजारातून जाताना एका दलालाने मला थांबवलं. नाव मी विचारलंच नाही. बैलाचे बघावेत तसे त्याने माझे दात बघितले, मग डोक्यावरचा भोवरा चाचपला.

"गुरुजी, तुमी गरीब. शिंग उगारनार न्हाई."

"मग चांगलंच की!"

"काहून चांगलं? मारका बैल लाथ झाडतो, मोकळा व्हतो. गरीब मुकाट ओढत राहतो अन् एक दिवस भर रस्त्यात बसतो. बैल रवंथ करायचा थांबला की आजारी, मानूस करायला लागला की आजारी. करता न्हवं तुमी?"

करत होतो. हेडमास्तरांना एक उलट उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, तेव्हापासून सहा महिने झोप नव्हती.

"आणि तुम्ही कसे?" मी विचारलं.

त्याने टोपी काढून डोकं माझ्यापुढे वाकवलं. "बघा बरं. जन्म गेला दुसऱ्यांचं बघन्यात. माझं कोनी बघितलंच न्हाई."

मी जाणकारासारखा भोवरा चाचपला. म्हणालो, "पक्के मारके आहात."

त्याचा जीव भांड्यात पडला.

इतका वेळ मान खाली घालून उभा राहणारा बैल मारका नसतो, एवढं मलाही कळत होतं.